दुसऱ्यातून तिसऱ्यात

गाडीच्या गिअर लिव्हरचा प्रवास आखूड करून घेतेय, असं घरात सांगितलं तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "मुंबईत?"

त्या एका शब्दात त्याचं सगळं म्हणणं आलं. शॉर्ट शिफ्टर ही रेसवाल्यांची चैन. लिव्हरचा प्रवास कमी झाला की गिअर लवकर पडतो, आणि ट्रॅकवर सेकंदाच्या तुकड्यालाही भाव असतो. आम्ही राहतो चेंबूरला, टिळकनगरात. इथून कुर्ल्याकडे जाऊन एलबीएस मार्गाला लागलं की सिग्नल हिरव्याचा लाल आणि लालाचा हिरवा होत राहतो आणि आपण त्याच रिक्षाच्या मागे उभे असतो. तिथे वाचवलेला सेकंदाचा तुकडा ठेवायचा कुठे?

पण जरा हिशेब करून बघा. पुण्याला जाताना कळंबोली सोडली की गाडी पाचव्यात पडते, आणि खालापूरचा टोलनाका दिसेपर्यंत डाव्या हाताला काम उरत नाही. सायनहून दादरला जाताना मात्र पहिला, दुसरा, न्यूट्रल, पहिला, दुसरा, चुकून तिसरा, लगेच दुसरा. गिअर खरे टाकावे लागतात ते गर्दीत, सुसाट रस्त्यावर नाही. लिव्हर हातात नीट बसायला हवा तो शहरात. वेळ वाचण्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. दिवसभर ज्या वस्तूला हात लागतो ती ढिली, ढवळल्यासारखी हलू नये, इतकीच मागणी होती.

मी उजव्या हाताची. डावा हात जन्मभर पडेल कामाचा: मेथी निवडताना जुडी धरायची, लिहिताना कागद दाबून ठेवायचा. लहानपणी प्रसादाला तो चुकून पुढे गेला तर आजी हातावर फटका द्यायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसले तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा या हाताला जबाबदारीचं काम दिलं. आमच्या सरांचा एकच घोषा होता, "मॅडम, गिअरकडे बघायचं नाही, समोर बघा." हात चाचपडायचा, तिसऱ्याऐवजी पहिल्याच्या दारात जाऊन अडायचा, गिअरबॉक्स कचकन ओरडायचा. मग सरांनी तळव्याची युक्ती शिकवली. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळवा बाहेर, पॅसेंजरच्या बाजूला, अंगठा खाली. लिव्हर आपल्यापासून दूर ढकलत न्यायचा. तिसऱ्या-चौथ्यासाठी हात सैल, कारण मधल्या रांगेत स्प्रिंग लिव्हरला आपोआप आणून ठेवते. पाचव्यासाठी तळवा आपल्याकडे. आठवड्याभरात डावा हात न बघता ती वाट चालायला लागला.

यात एक गंमत आहे. ज्या देशांत स्टिअरिंग डावीकडे असतं तिथे ड्रायव्हरची सीट बदलते, पण गिअरचा आराखडा आरशासारखा उलटत नाही. पहिला डावीकडे वर तो डावीकडे वरच. म्हणजे तिकडच्या ड्रायव्हरला पहिला गिअर मांडीजवळ, आणि आपल्याला सगळ्यात लांब, शेजाऱ्याच्या गुडघ्यापाशी. आपल्याकडे बंपर-टू-बंपर चालणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त लागणारे दोन गिअर सगळ्यात लांबच्या रांगेत आहेत. खांदा का दुखतो, याचं थोडं उत्तर इथेही असावं.

गिअर हातात नसून स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा तो जमाना माझ्या वाट्याला मागच्या सीटवरून आला. प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी. गिअर वरच असल्यामुळे पुढे सलग बाकडं टाकता यायचं, आणि ड्रायव्हरशेजारी दोघं सहज मावायचे. पण वरच्या त्या दांडीपासून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, सांधे आणि बुशांची, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या कड्यांची, मोठी साखळी असायची. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजला की सगळ्यांची बेरीज ड्रायव्हरच्या मुठीत यायची. मग कधी मधेच गिअर अडकायचा. ड्रायव्हर शांतपणे उतरायचा, बॉनेट उघडायचा, आत हात घालून कुठलीशी दांडी खाडकन जागेवर आणायचा, फडक्याला हात पुसायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. मागे हॉर्नचा गोंगाट चालू, आणि याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. लोकांनी तेव्हा खूप गहिवरून लिहिलं. मला आठवतो तो बॉनेटखाली गेलेला हात. त्याला कुठली दांडी कुठे अडते हे ठाऊक होतं.

आमच्या कुर्ल्याच्या मिस्त्रींचा हात त्याच शाळेतला. सीएसटी रोडला, भंगार आणि सुट्या भागांच्या दुकानांमागे एका गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. उमेदीची वर्षं टॅक्स्यांचे गिअरबॉक्स उतरवण्यात गेली. मी काका म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि नवरा बरोबर असला की गाडीचं दुखणं त्यालाच समजावून सांगतात, जरी त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी. हळूहळू सुधारतायत.

माझी फोक्सवॅगन पोलो चाकणला जन्मलेली आणि आता उतारवयाला लागलेली. हल्लीच्या बहुतेक पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांसारखीच तिची रचना आहे. लिव्हर खाली दोन केबलींना जोडलेला असतो. एक केबल रांग निवडते, म्हणजे डावी-उजवी हालचाल. दुसरी पुढे-मागे ढकलते, म्हणजे प्रत्यक्ष गिअर टाकते. दोन्ही केबली इंजिनाच्या बाजूला जाऊन गिअरबॉक्सच्या डोक्यावरच्या दोन दांड्यांना पकडतात. त्यातल्या गिअर टाकणाऱ्या दांडीवर लोखंडाचा एक जाडजूड गोळा असतो. तो उगीच नाही. हाताने दिलेला धक्का त्या वजनामुळे लागून राहतो आणि गिअर शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या जोरावर आत शिरतो. काही हौशी लोक वजन कमी करायला तो कापून टाकतात आणि मग गिअर दगडासारखा झाला म्हणून रडतात.

शॉर्ट शिफ्टर करायच्या वाटा दोन. लिव्हर ज्या गोळीवर डुलतो तिच्या खालचा भाग लांब करायचा, किंवा पलीकडच्या टोकाला, गिअरबॉक्सवरची दांडी आखूड करायची. माझं किट दुसऱ्या प्रकारचं. एक लेथवर केलेली स्टीलची दांडी, केबल अडकवायला दोन भोकं, चार वॉशर, दोन क्लिपा. बस. एवढ्याशा तुकड्याची किंमत मी घरात अजून सांगितलेली नाही.

गणित शाळेतल्या तरफेचंच. समजा केबलचं टोक फिरत्या दांडीच्या मध्यापासून 50 मिलिमीटरवर आहे आणि ते 40 वर आणलं. दांडी तेवढीच फिरवायला केबल आता एक पंचमांश कमी ओढावी लागेल. हातातला प्रवास 20 टक्के कमी. पण जोर? तो 50 भागिले 40, म्हणजे सव्वापट. जाहिरातीत पहिला आकडा ठळक असतो आणि दुसरा नसतोच. फुकट काही मिळत नाही, प्रवासाचे पैसे जोरात चुकवायचे.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची, आणि ती काकांनी किट हातात घेताक्षणी सांगितली. "ताई, आधी बुश बघू. हा तुकडा ढिलेपणा झाकत नाही. वाढवतो." विचार केला तर बरोबरच आहे. केबलीत, बुशात मिळून जो काही प्ले, म्हणजे ढिलेपणा असतो, तो 50 च्या दांडीवर जेवढा कोन खातो त्याहून 40 च्या दांडीवर जास्त खातो. झिजलेल्या साखळीवर शॉर्ट शिफ्टर बसवणं म्हणजे निम्मा प्रवास ढिलेपणातच घालवणं. माझ्या गाडीत लिव्हर चौथ्यात असतानाही अंगठा-तर्जनीत धरून चांगला बोटभर हलत होता. काकांनी तो हलवून दाखवला आणि काही बोलले नाहीत.

काम सोसायटीत करता आलं नसतं. आमच्या पार्किंगमध्ये स्टेपनी बदलली तरी सेक्रेटरी गॅलरीत येऊन उभे राहतात. गल्लीत मात्र कुणाची ना नव्हती. बॅटरी उतरली, तिचा ट्रे उतरला, हवेच्या फिल्टरचा डबा बाजूला झाला, आणि त्याखाली गिअरबॉक्सचं डोकं दिसलं: पावसाळ्यांचा चिखल वाळून खपली झालेला, त्यावर तेलाचा हात. काकांनी आधी सगळं डिझेल आणि ब्रशने धुऊन घेतलं. "घाण आत गेली तर मग बोंबला," हे त्यांचं वाक्य. केबलीची टोकं गोळीवर दाबून बसवलेली असतात; चपटा स्क्रू ड्रायव्हर खाली घालून जरा उचकटलं की सुटतात. पहिल्या टोकातून बुश बाहेर आला तो दोन तुकड्यांत. प्लास्टिक पिवळं, ठिसूळ, आतलं भोक गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालेलं. गॅरेजमधल्या पोऱ्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. इतक्या दिवसांची ती सगळी ढवळाढवळ त्या लंबगोलात होती.

नवीन बुश गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात मिळाले. दुकानदाराने तीन वेगवेगळे पुढे केले आणि "कोणताही बसेल" म्हणाला. काकांनी व्हर्नियर काढून गोळी मोजली आणि दोन परत केले.

जुनी दांडी काढून नवी बसवणं हा भाग सांगण्यासारखा नाहीच. पाना, क्लिप, ग्रीस, झालं. किटबरोबरच्या कागदावर जी चित्रं असतात ती इथपर्यंतचीच. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते म्हणजे सेटिंग.

कारखान्याची पद्धत साधी आहे. लिव्हर न्यूट्रलमध्ये नेमक्या मध्यावर अडकवायचा, गिअरबॉक्सही न्यूट्रलमध्ये अडकवायचा, आणि दोघांच्या मधली केबल मोकळी सोडायची म्हणजे ती आपली लांबी आपण शोधते. मग तिची कॉलर, म्हणजे लांबी पक्की करणारं कडं, लॉक करायची. लिव्हरच्या बुडाशी एक भोक असतं आणि खालच्या कवचात दुसरं. दोन्ही समोरासमोर आली की त्यातून पिन घालतात. सर्व्हिस सेंटरला त्यासाठी खास पिन असते. काकांनी ड्रिलच्या बिटांचा डबा उघडला, दोन-तीन बिटं भोकात घालून पाहिली आणि बरोबर बसलेलं एक, गुळगुळीत बाजूने आत सरकवलं. वर बॉक्सपाशी गेले, कॉलर सोडल्या, स्प्रिंगने टक् करून ढिलाई ओढून घेतली, कॉलर लावल्या. बिट काढलं. मला वाटलं झालं.

"आता बसा आत. इंजिन चालू करू नका. क्लच दाबा, मी सांगेन तो गिअर टाका आणि तिथेच धरून ठेवा."

मी पहिला टाकला. काका बॉनेटखाली, मला दिसत नव्हते, फक्त आवाज. "ठीक." दुसरा टाकला. थोडा वेळ काहीच नाही. मग, "अजून जातोय."

मी उतरून बघायला गेले. त्यांनी पोऱ्याला आत बसवून दुसरा टाकायला लावला आणि माझं बोट धरून त्या दांडीवर ठेवलं. "ढकला." ढकललं. दांडी आणखी किंचित सरकली आणि आत कुठेतरी बारीक, घट्ट खट् झाली. म्हणजे आत बसलेल्याच्या हाताला वाटत होतं दुसरा पडला, लिव्हर आणखी जात नव्हता, पण गिअरबॉक्सच्या मते तो अजून उंबऱ्यातच होता.

हा प्रकार सगळ्यात घातक. अर्धवट पडलेला गिअर सपाटीवर निमूट चालतो आणि चढावर, भार आला की, बाहेर फेकला जातो. दात पूर्ण लांबीने एकमेकांत न बसता टोकांवर भार घेतात, टोकं गोल होतात, आणि एकदा ती गोल झाली की मग सेटिंग कितीही करा, गिअर सुटतच राहतो. बॉक्स उघडण्याशिवाय इलाज नाही. शिफ्टर बसवल्यावर "मस्त बसतोय" म्हणून लोक निघून जातात ते याच ठिकाणी. हात फक्त लिव्हरचं ऐकतो. खरी साक्ष बॉक्सवरच्या दांडीची.

कारण असं निघालं: पहिला, तिसरा, पाचवा हे एका दिशेचे; दुसरा, चौथा उलट दिशेचे. केबलची लांबी केसभर चुकली तर एका बाजूला जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला लिव्हर कवचाला आधी टेकतो. पूर्वीच्या लांब प्रवासात ही केसभर चूक खपून जायची. आता प्रवासच आखूड, त्यामुळे पिनेने काढलेला मध्य पुरेसा नव्हता. काकांनी कॉलर सोडली, केबल अंगठ्याच्या नखाने किंचित पुढे घेतली, लावली. दुसरा ठीक, पण आता तिसरा "जातोय". पुन्हा सोडली. मागे. किंचित कमी मागे. मी गिअर टाकत राहिले, ते ढकलून बघत राहिले. पोऱ्या चहा घेऊन आला आणि तो गार होऊन गेला. या सगळ्या वेळात त्यांनी पट्टी एकदाही काढली नाही. मी मोजमाप विचारलं तर म्हणाले, "मोजून काय करणार? दोन्हीकडे सारखा खट् आला पाहिजे."

पुढे-मागे जमलं, मग डावं-उजवं. इथे किटने काहीच बदललेलं नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण झाली. रांगांमधलं अंतर पूर्वीइतकंच, पण प्रत्येक रांगेची उंची कमी. इंग्रजी एच होता तो आता बसका, रुंद झालेला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताला आधी वर यायला लांब वाट होती, तेवढ्यात स्प्रिंग लिव्हरला मधल्या रांगेत आणून सोडायची. आता वाट संपते लवकर, आणि घाईत हात तिरका गेला तर मधल्या भिंतीला जाऊन थडकतो. रांग निवडणारी केबल त्यामुळे अगदी मध्यावर लागली पाहिजे. ती एका बाजूला कलली तर त्याहून वाईट: पाचव्यातून चौथ्याला खेचताना लिव्हर दुसऱ्याच्या रांगेत शिरू शकतो. हायवेच्या वेगात दुसरा पडला आणि क्लच सोडला तर इंजिनाचे फेरे एकदम अडीच-तीन पट होतात. फेरे आवरणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप पेट्रोल तोडतं, पण इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात, तेव्हा त्या कुलपाचा काही उपयोग नसतो. काकांनी पाचवा-चौथा, पाचवा-चौथा माझ्याकडून बोटाच्या दोन पेरांनी करवून घेतला. मूठ करू दिली नाही. "मुठीने कुठेही जाईल. दोन बोटांनी गेला तर सेटिंग खरं."

रिव्हर्स शेवटी. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळ्या ठिकाणी लपवलंय. मारुतीच्या बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत तो पाचव्याच्या खाली. ह्युंदाईच्या कितीतरी गाड्यांत लिव्हरवरची कॉलर उचलून डावीकडे वर. माझ्या गाडीत लिव्हर खाली दाबून डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी. दाबल्याशिवाय तो पडता कामा नये, एवढं बघून झालं आणि बॅटरी जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी लवकर ईस्टर्न फ्रीवे. चेंबूरहून पी. डिमेलो रोडपर्यंत पावणेसतरा किलोमीटर, सिग्नल नाही. काच खाली करून निघाले आणि पहिल्या शंभर मीटरमध्येच दुसरा गिअर हातात अडला. थंड बॉक्समध्ये तेल जाड असतं, आणि दुसरा नेहमी थोडा कुरकुरतो. पूर्वी लांब लिव्हरच्या जोरावर ती कुरकुर कळायची नाही. आता कळते.

आत काय चालतं ते त्या अडण्यामुळे मला पहिल्यांदा हाताने समजलं. गिअर टाकताना आत दात एकदम दातात जात नाहीत. आधी पितळेची एक रिंग गिअरच्या निमुळत्या अंगाला घासते आणि दोघांचा वेग एक करते. वेग जुळेपर्यंत ती पुढच्या दातांना वाट देत नाही. चालत्या लोकलमध्ये चढणारा आधी गाडीच्या वेगाने पळतो आणि मग पाय ठेवतो, तसं. ती रिंग नाही म्हणते तो क्षण पूर्वी लिव्हरच्या लांबलचक प्रवासात विरघळून जायचा. आता तो बोटांच्या पेरांना स्पष्ट लागतो: आधी एक मऊ अडथळा, मग होकार, मग खट्. अडथळ्यावर जोर लावला तर रिंग झिजते. अर्धा श्वास थांबलं तर लिव्हर स्वतःच आत जातो. गंमत अशी की आखूड शिफ्टरने मला गिअर हळू टाकायला शिकवलं.

अणुशक्तीनगरजवळच्या बोगद्यात शिरले तोवर बॉक्स गरम झाला होता. चौथ्यातून तिसऱ्यात आले, परत चौथा, परत तिसरा, कारण काहीच नाही. बोगद्यात इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येतो तेव्हा गिअर नेमका कधी धरला हे कानालाही कळतं. मनगट हलतच नव्हतं, नुसती बोटं. मी एकटीच हसत होते. बरं झालं कुणी नव्हतं.

नवऱ्याने संध्याकाळी गाडी चालवली आणि निकाल दिला: "कडक झालाय." झालाच आहे. सव्वापट. पण मूठ करून, खांद्यातून ओढायची सवय असलेल्याला तो जास्त कडक लागतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तो पुढची गाडी ऑटोमॅटिक घ्यायची म्हणतो आणि माझा विरोध नाही. 2014 साली मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे गिअर स्वतःच टाकणारी यंत्रणा, घेऊन आली तेव्हापासून बिनक्लचची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि गुडघे दुखणाऱ्या कितीतरी लोकांनी पुन्हा गाडी काढली. त्या गाड्यांत बॉक्स तोच, दात तेच, पितळेच्या रिंगाही त्याच. फक्त क्लच दाबायला आणि दांडी ढकलायला माणसाऐवजी यंत्र बसवलंय. दोन गिअरच्या मधे ती गाडी जी मान टाकते ना, ते यंत्र थांबलेलं असतं त्याच होकारासाठी. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअलवाल्यांना मागासलेले म्हणू नये आणि मॅन्युअलवाल्यांनी त्यांना आळशी म्हणू नये, एवढंच माझं मत. मला डावा हात बेकार करायचा नाही, म्हणून मी हे करते.

कुणीतरी कायद्याचं विचारेलच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली: कंपनीने जी मूळ रचना ठरवलीय, नोंदणीत जे तपशील आहेत, त्यांत फेरफार चालणार नाही. इंजिन, चॅसी या गोष्टी उघडच त्यात येतात. बॉनेटखालची बोटभर दांडी आरसी बुकात कुठे लिहिलेली नसते, पण वॉरंटी चालू असलेल्या गाडीत असलं काही करू नका, आणि जुना तुकडा फेकू तर अजिबात नका. माझा डिकीत आहे, फडक्यात गुंडाळून. आणि मला विचाराल तर पोलिसांनी आधी ते सायलेन्सर फोडून रात्री दीड वाजता अख्ख्या चेंबूरला जागं करणारे पकडावेत. माझ्या गिअरचा आवाज माझ्या सीटच्या पलीकडे जात नाही.

आता राहिलंय गिअर ऑइल. थंडीत, म्हणजे मुंबईत ज्याला थंडी म्हणतात त्या आठ-दहा दिवसांत, दुसरा सकाळी जास्तच कुरकुरणार, तेव्हा त्याआधी बदलून घ्यावं असं माझं म्हणणं. गिअर ऑइलच्या जीएल-4, जीएल-5 अशा प्रती असतात. कुर्ल्याच्या एका दुकानात मला जीएल-5 चा डबा पुढे केला, "मॅडम, चारपेक्षा पाच भारी" म्हणून. तसं नसतं. जीएल-5 मध्ये जास्त दाबासाठी गंधक-फॉस्फरसची जी भर असते ती काही बॉक्समधल्या पितळेच्या रिंगांना खाऊ शकते, आणि ते तेल जास्त निसरडं असल्यामुळे रिंगेला घासून वेग जुळवणंही जड जातं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं. काकांना तेच तेल हवंय, पण ते म्हणतात गणपतीनंतर या, आत्ता लाइनीत सहा गाड्या आहेत, आणि पावसात पाणी शिरलेले दोन बॉक्स उघडून पडलेत. मी डबा आणून ठेवलाय. नवऱ्याने तो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पाहिला आणि विचारलं, "हे कुठलं नवीन तेल?"